गळके माळवद आणि गिटार : ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’ने गायिलेला शिशुनाळ शरीफ

या टिपणात बंगळूरच्या एका वाद्यवृंदाची सुमारे पंधरा वर्षांची वाटचाल आपण पाहणार आहोत. हा वाद्यवृंद म्हणजे आधीचा ‘अंतराग्नी’ आणि नंतरचा ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’. दुसरे नाव मराठी विद्यार्थ्यांनी एखाद्या हिंदी गाण्यामुळे ऐकले असेल. पहिले बहुधा ऐकले नसेल. चरित्र सांगणे हा येथे हेतू नाही, म्हणून तो भाग थोडक्यात उरकू. आपला प्रश्न वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कन्नड संतकवीची पदे गिटार आणि ड्रमच्या साथीने गायिली जातात, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना कन्नड येतच नाही, तेव्हा त्या कवितेचे काय होते? यासाठी तीन पदे घेऊ : ‘सोरुतिहुदु मनेय माळिगी’, ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ आणि ‘लोकद काळजी’. टिपण वाचण्याआधी ती ऐकली तर पुढची चर्चा सोपी जाईल.

अंतराग्नी

रघु दीक्षित यांचा जन्म 1974 मध्ये नाशिकला झाला. वाढले ते म्हैसूरला. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, सोबत भरतनाट्यमची रीतसर तालीम. काही काळ बेल्जियममध्ये औषधनिर्मिती क्षेत्रात नोकरी केली आणि मग संगीतासाठी ते बंगळूरला परतले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला ‘अंतराग्नी’ हा त्यांचा पहिला वाद्यवृंद 2005 च्या सुमारास फुटला. त्यानंतर त्यांनी ‘प्रोजेक्ट’ हे नाव घेतले. त्यामागे एक व्यवहारी विचार होता : वादक येतील, जातील, दार उघडे राहील. कायम सभासदांचा वाद्यवृंद चालवणे किती अवघड असते हे ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याचेच हे नाव आहे असे वाटते. बेसगिटारवादक गौरव वाझ यांच्यासारखे काही जण मात्र बराच काळ टिकले.

पहिला संग्रह निघायला वर्षे लागली. कॅसेट आणि सीडी कंपन्यांना हिंदी, कन्नड आणि इंग्रजी गाणी एकाच तबकडीवर नको होती. दुकानात ती कोणत्या कप्प्यात ठेवायची, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी संगीतकार विशाल-शेखर यांनी काढलेल्या लेबलने 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. फुटलेल्या वाद्यवृंदाचे ‘अंतराग्नी’ हे नाव संग्रहाला देण्यात आले. म्हणजे आज ‘अंतराग्नी’ म्हणून लोकांच्या हाती असलेली तबकडी ‘अंतराग्नी’ विसर्जित झाल्यानंतरची आहे.

पुढचा भाग वर्तमानपत्रांतून येऊन गेला आहे : 2010 मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात गायन, त्यानंतर ब्रिटनमधील आयट्यून्सच्या ‘जागतिक संगीत’ यादीत पहिला क्रमांक, 2011 मध्ये ‘साँगलाइन्स’ मासिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार आणि ग्लॅस्टनबरीचा महोत्सव. 2013 मध्ये दुसरा संग्रह आला, ‘जग चंगा’. आपण येथेच थांबणार आहोत.

एक मैदान, दोन गर्दी

बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर 2005 मध्ये सी. अश्वत्थ यांचा ‘कन्नडवे सत्य’ हा कार्यक्रम झाला. केवळ कन्नड भावगीते आणि संतपदे ऐकायला तेथे प्रचंड समुदाय जमला होता. त्याच मैदानावर 2007 मध्ये आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल वाद्यवृंद आला आणि तेव्हाही तरुणांनी मैदान भरून गेले. दोन वर्षांचे अंतर, जागा तीच. या दोन गर्दींत एकमेकांची ओळख असलेले लोक किती असतील? माझा अंदाज असा की बरेच असतील, पण एकाच घरातले : पहिल्या गर्दीत आईवडील, दुसऱ्या गर्दीत मुले.

बंगळूरमध्ये रॉकची भाषा मुख्यतः इंग्रजीच राहिली. 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’सारख्या वाद्यवृंदाने परकी गाण्यांच्या नकला सोडून स्वतःची गाणी रचली, हे मोठेच काम, पण तीही इंग्रजीत. घरी कन्नड (किंवा तमिळ, तेलुगू, मल्याळम, मराठी, दखनी), कार्यालयात इंग्रजी, आणि गिटार हातात घेतली की पुन्हा इंग्रजी. रघु दीक्षित यांनी या घरातल्या आईवडिलांच्या गर्दीतला कवी उचलला आणि मुलांच्या गर्दीत नेला. त्यांच्या कामगिरीचे महत्त्व मला येथे दिसते, ग्लॅस्टनबरीत नव्हे.

शरीफ कोण?

संत शिशुनाळ शरीफ (1819–1889) हे आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यातल्या शिशुनाळ गावचे. त्या काळी हा भाग धारवाड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होता. जन्माने मुसलमान, गुरू गोविंद भट्ट हे ब्राह्मण. गुरूने आपले जानवे शिष्याच्या गळ्यात घातल्याची कथा तिकडे घरोघर सांगितली जाते. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे उदाहरण जवळचे आहे, तेव्हा मराठी विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये.

शरीफांच्या रचनांना ‘तत्त्वपदे’ म्हणतात. रोजच्या व्यवहारातली एखादी वस्तू किंवा घटना घ्यायची, ती ग्रामीण बोलीत रंगवायची आणि तिच्या आत वेदान्त ठेवायचा, ही त्यांची रीत. आपल्या भारुडाचीही हीच रीत आहे. कोंबडीने माकड गिळल्याचे त्यांचे पद तर आपल्या कूट अभंगांच्या शेजारी सहज बसेल. ही पदे छापील पुस्तकात येण्याआधी तंबुरीवर गाणाऱ्यांच्या तोंडी होती. शहरी मध्यमवर्गात ती रुजवली मुख्यतः सी. अश्वत्थ (1939–2009) यांनी. टी. एस. नागाभरण यांच्या 1990 च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाचे संगीतही अश्वत्थ यांचेच. त्यात गिरीश कार्नाड यांनी गोविंद भट्टांची भूमिका केली होती.

म्हणून एक गैरसमज आधीच दूर करू. रघु दीक्षित यांनी ‘मूळ लोकसंगीता’वर रॉक चढवले असे बरेचदा लिहिले जाते. ते नेमके नाही. त्यांच्या पिढीच्या कानात शरीफ आला तो कॅसेटमधून, चित्रपटातून, हार्मोनियम-तबल्याच्या साथीने, एका समर्थ संगीतकाराने बांधलेल्या चालीत. तंबुरीवरचा फकीर त्यांच्याही एक पिढी मागेच राहिला होता. रॉकची तुलना करायची ती अश्वत्थ यांच्या सुगम संगीताशी. खेड्यातल्या भजनाशी केली तर दोघांवरही अन्याय होतो.

माळवद गळते तेव्हा

‘सोरुतिहुदु मनेय माळिगी’ म्हणजे घराचे माळवद गळते आहे. ‘माळिगी’ला छप्पर म्हटले की अर्थ निम्मा होतो. सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांत ज्यांनी माळवदाचे घर पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. खाली लाकडी तुळया, त्यांवर वासे, वर काटक्यांचा थर, त्यावर मातीचा. पावसाळ्याच्या तोंडी कोणीतरी वर चढून पांढरी माती पसरायची आणि चोपायची. ती राहून गेली की आषाढात घरभर भांडी मांडावी लागतात. गळती नेमकी कुठून होते ते खालून कळत नाही. पाणी एकीकडून शिरते आणि दुसरीकडे टपकते. त्यासाठी वर जावेच लागते.

शरीफांच्या पदातला माणूस वर जाऊ शकत नाही. तुळया वाकल्या आहेत, लाकूड किडले आहे, सांधे सैल झाले आहेत, डागडुजी करणारे कोणी नाही, आणि अंधार असा की चढायचे धैर्य नाही. गळतीचे कारण पदात सुरुवातीलाच सांगितले आहे : अज्ञान. म्हणजे कोडे उलगडायचे श्रोत्यावर सोडलेलेच नाही. मग पद पुढे कशाच्या बळावर चालते? घराच्या तपशिलावर. अर्थ आधीच हाती दिल्यामुळे श्रोता तो शोधत बसत नाही. तो किडलेले लाकूड पाहतो. एकनाथांच्या भारुडात पुष्कळदा उलटे होते : आधी गंमत, मग शेवटी खुलासा.

रघु दीक्षित हे पद संथ सुरू करतात आणि आवाज हळूहळू वर नेतात. त्यांचा आवाज मोठा, खुला, किंचित खरखरीत आहे. मुरक्या-हरकतींत तो रमत नाही. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. शब्दांत माणूस वर चढू शकत नाही, सुरांत मात्र तो चढतच राहतो. हे कवितेच्या विरुद्ध आहे काय? मला वाटते, नाही. एका बाजूने हताशपणाची कबुली आणि दुसऱ्या बाजूने हाक, हे दोन्ही त्या पदात आहे. छापील पदात हाक मनात ऐकावी लागते. अश्वत्थ यांच्याकडे ती स्पष्ट होते. दीक्षित यांच्याकडे उरते ती जवळजवळ हाकच. तपशील मागे पडतो. तुळई, किडलेले लाकूड, सांधे यांवर स्वर थांबत नाही. अश्वत्थ शब्दावर वजन देतात, कारण समोरचा श्रोता शब्द समजणारा आहे हे त्यांना ठाऊक असते. ज्याला समोर मुंबईचे, दिल्लीचे आणि लंडनचेही श्रोते आहेत, तो शब्दावर फार वेळ थांबू शकत नाही.

तरीही तीन पदांत हे मला सर्वांत यशस्वी वाटते. कन्नड न कळणाऱ्या श्रोत्यालाही कळते की काहीतरी मोडले आहे आणि गाणारा एकटा आहे. घर हरवते, पण माणूस पोचतो. शिवाय कन्नड तरुणाच्या बाबतीत आणखी एक लाभ होतो. ‘माळिगी’ हा आजीच्या घरातला शब्द त्याला प्रथमच विजेच्या गिटारसोबत ऐकू येतो. बंगळूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत, जिथे गळती झाली तर सोसायटीच्या वॉचमनला फोन करतात, तिथे हा शब्द पुन्हा उच्चारला जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

गुडगुडी

‘गुडुगुडिया सेदि नोडो’ या पदात शरीफ श्रोत्याला गुडगुडी ओढून पाहा असे सांगतात. पण ही गुडगुडी वेगळी आहे. मन ही तंबाखूची पिशवी, बुद्धी हा विस्तव, आणि त्यात विकारांची राख व्हायची आहे. व्यसनाची सगळी सामग्री तीच, झिंग मात्र दुसरी. गावच्या चावडीवर खऱ्या गुडगुड्या ओढत बसलेल्यांसमोर हे पद म्हटले गेले असेल तेव्हा त्यातला टोला थेट लागत असणार : जे तुम्ही आता करताय ना, तेच करा, पण आत.

मंचावर हे गाणे अत्यंत रंगते. दीक्षित लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून गातात. ताल ठेक्याचा, व्हायोलिन किंवा बासरी आणि गिटार एकमेकांना उत्तर देतात, लोक नाचतात. मी या रंगण्याला कमी लेखत नाही. भक्तिगीत ऐकताना हात जोडून बसलेच पाहिजे असा नियम वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात तरी कोणी सांगू नये. पण येथे एक घोटाळा होतो. महोत्सवाच्या वातावरणात ‘ओढून पाहा’ हे आवाहन तसेच्या तसे, शब्दशः ऐकले जाते. धूर कळतो, पिशवी कळत नाही. पद ज्या झिंगेपासून माणसाला उचलून दुसरीकडे न्यायला निघाले होते, त्याच झिंगेचे ते गाणे बनते.

मराठीतले उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एकनाथांचे विंचवाचे भारूड शाहीर साबळे यांनी गाजवले. विंचू चावल्याच्या विव्हळण्याला प्रेक्षक पोट धरून हसतात. उतारा काय सांगितला आहे याकडे थोड्यांचेच लक्ष असते. तरी तेथे भाषा एक असल्यामुळे घरी जाताना एखाद्याला उतारा आठवू शकतो. गुडगुडीच्या गाण्यात तेवढीही सोय परभाषी श्रोत्याला नाही. काही कार्यक्रमांत गाण्याआधी दोन वाक्यांत अर्थ सांगितला जातो. त्याने माहिती मिळते, टोला मिळत नाही.

मग हे गाणे फसले म्हणायचे का? निम्मे. पद म्हणून ते पातळ झाले, गाणे म्हणून टिकले. अशा वेळी समीक्षकाने ‘परंपरेची विटंबना’ असा मोठा शब्द काढू नये. तो शब्द काढणाऱ्यांनी मूळ पद एकदा तरी वाचलेले असावे अशी माझी नम्र अपेक्षा आहे.

हिंदीचा प्रश्न

त्याच संग्रहातली हिंदी गाणी ऐकली की दुसरी अडचण दिसते. ‘मैसूर से आयी’ हे हलकेफुलके प्रेमगीत चाल आणि ठेक्याच्या जोरावर लोकप्रिय झाले. देवाकडे आयुष्य पुन्हा एकदा मागणारे ‘हे भगवान’ अधिक गंभीर आहे. दोन्ही श्रवणीय आहेत. पण त्यांतली हिंदी कोणत्याही गावची नाही. ती रेडिओवरची, सर्वांना समजणारी, कोणालाही न टोचणारी हिंदी आहे. ‘माळिगी’सारखा एकही शब्द तीत नाही, जो ऐकून कोणाला आपले घर आठवावे. म्हैसूरचे नाव हिंदी गाण्यात आले, म्हैसूर आले नाही. दक्षिणेतल्या वाद्यवृंदाला देशभर फिरायचे तर हिंदी लागते हे खरे, आणि तो निर्णय त्यांचा आहे. पण एकाच गायकाच्या दोन भाषांतील गाणी लागोपाठ ऐकली की उधार भाषा कोणती हे कानाला लगेच कळते.

येथे त्यांचे धाकटे बंधू वासू दीक्षित यांच्या ‘स्वरात्मा’ या वाद्यवृंदाकडे क्षणभर वळू. तोही बंगळूरचाच, तोही हिंदी-कन्नडात गातो. पण ‘स्वरात्मा’चा भर जुन्या पदांपेक्षा स्वतःच्या, आजच्या विषयांवरील गाण्यांवर आहे. 2012 च्या ‘टोपीवाले’ संग्रहाचे शीर्षकगीत राजकारण्यांवर आहे. ‘प्यासी’ कावेरीच्या पाणीतंट्यावर, नदीच्याच तोंडून. पाणीतंट्यावर एका राज्याच्या भाषेत गाणे म्हणजे एका पक्षाची बाजू घेणे. तेथे तिसरी भाषा वापरण्यात एक शहाणपण आहे. म्हणजे हिंदी नेहमीच पळवाट असते असे नाही. वासू दीक्षित मंचावर कमरेला घोडा बांधून येतात तेव्हा कर्नाटकातील कीलु कुदुरे आठवते. असाच नाच तमिळनाडूत आहे आणि तेथे त्याचा संबंध तंजावरच्या मराठ्यांच्या काळाशी जोडतात. गोव्यातही घोडेमोडणी आहेच. हा घोडा कोणत्या एका राज्याचा नाही. पण आपण विषयावर परत येऊ.

‘लोकद काळजी’

‘जग चंगा’मधले हे पद शरीफांच्या उपरोधाचा नमुना आहे. जगाची काळजी मी वाहतो असे म्हणणाऱ्याला कवी विचारतो, कर की चिंता, तुला नको कोण म्हणते? तू स्वतःचीच काळजी करतो आहेस आणि नाव जगाचे घेतो आहेस. मराठीत तुकारामांनी ढोंगी साधूंना जे सुनावले त्या जातीचा हा सूर आहे. बोट थेट समोरच्याकडे आहे.

गायनात हे बोट वळते. चाल उत्साही, कोरस मोठा, सगळे मिळून म्हणण्याजोगा. सगळे मिळून उपरोध म्हणू लागले की उपरोध कोणावर, हा प्रश्न उरतो. ज्याला टोमणा मारायचा तोच टाळ्या वाजवत साथ करतो. विजेच्या रोषणाईत, प्रायोजकांच्या फलकांखाली, ‘संगीताने जग जोडू या’ म्हणणाऱ्या महोत्सवात हे पद गायिले जाते, तेव्हा ते खरे तर त्या मंचालाच लागू पडते. गायकाला ते जाणवत नसेल असे मी म्हणणार नाही. चालीत मात्र त्याची खूण नाही. एखादी जागा, जेथे ताल थांबला असता आणि प्रश्न एकट्या आवाजात विचारला गेला असता, तेवढ्याने काम झाले असते. ‘सोरुतिहुदु’मध्ये हे करता आले होते. पाच वर्षांनी, मोठ्या मंचांची सवय झाल्यावर, ते सुचले नाही किंवा नको वाटले.

मराठीत अशा प्रयोगाकडे पाहायचे तर मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा वाद्यवृंद आहे; तो संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रमवर गातो. त्याचा श्रोता बहुतांशी मराठी आहे, अभंग त्याला शाळेपासून तोंडपाठ आहे. म्हणून त्याच्यापुढची अडचण नेमकी उलटी : शब्द इतका ओळखीचा की कोणी तो ऐकतच नाही. चाल बदलल्यामुळे तो पुन्हा ऐकू येतो का, हे तेथे तपासावे लागेल. स्वाध्याय म्हणून त्यांचा एक अभंग आणि वरच्या तीनपैकी एक पद घ्यावे. मूळ रचना समोर ठेवून कोणते कडवे गाळले, नाममुद्रा कुठे येते, कोणत्या शब्दावर गायक थांबतो आणि कोणत्या शब्दावरून धावत जातो, एवढेच टिपावे. वाद्यांबद्दल मग लिहावे.